क्लास सुटतो, डोकं सुटत नाही

प्रश्न : मी सांगलीत आठवी ते दहावीचे गणित-विज्ञानाचे क्लास घेते. पाच वर्षांपूर्वी विनाअनुदानित शाळेतली नोकरी सोडली आणि घराच्याच वरच्या मजल्यावर सुरुवात केली. आज सत्तर मुलं आहेत, वर्षाची फी सरासरी अठरा हजार, हाताखाली दोन अर्धवेळ शिक्षिका. लोक म्हणतात, जम बसला. पण सकाळी साडेसहा ते साडेनऊ दोन बॅच, संध्याकाळी साडेचार ते नऊ सलग तीन बॅच, आणि मधल्या वेळात फी, पगार, लाइट बिल, झेरॉक्स, पालकांचे मेसेज. रविवारी चाचणी आणि सत्तर पेपर. झोपायला साडेबारा होतात. कुणीतरी जीएसटीचं डोक्यात घातलंय, तेव्हापासून मध्यरात्री जाग येते. परवा एका मुलाने तीच शंका तिसऱ्यांदा विचारली, तर मी डस्टर टेबलावर आपटलं. माझा सातवीतला मुलगा म्हणाला, "आई, तू घरीपण वर्गात असल्यासारखी बोलतेस." ध्यानाचं अ‍ॅप घेतलं, पहाटे साडेचारला उठून पाहिलं, डायरी आणली, जिमची वर्षाची फी भरली. एकही गोष्ट आठवड्याच्या वर टिकली नाही. ताण कमी करणाऱ्या सवयी लावायच्या कशा? जमेल असं वेळापत्रक द्या.
– क्लासवाल्या मॅडम, सांगली

उत्तर :

मॅडम, वेळापत्रक मी देणार नाही. वेळापत्रक आखण्यात तुमचा हात कोण धरणार? शिवाय तुमच्या चारही प्रयत्नांचा घोळ तिथेच झालाय. आधीच भरलेल्या दिवसात तुम्ही दरवेळी एक नवा तास घुसवायला गेलात. साडेबाराला झोपणाऱ्या बाईने साडेचारला उठायचं म्हणजे झोप चार तासांवर आणायची. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती तोडून केलेलं ध्यान मनाला किती शांत करणार? तेव्हा पहाटे उठायचा नाद सोडा, निदान या वर्षी तरी. जिमचे पैसे गेले, जाऊ द्या. गेलेल्या पैशांपायी अपराधी वाटून घेणं हा आणखी एक ताण.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती. तुम्ही शिकवण्याला कंटाळलेल्या नाही. शिकवताना मालकीण असणं आणि मालकी सांभाळताना शिक्षिका असणं, याला कंटाळल्या आहात. फळ्यावर समरूपतेचं प्रमेय चालू आहे, टेबलावर फोन उजळतो : 'मॅडम, फी पुढच्या महिन्यात देतो.' तुम्ही उत्तर देत नाही, प्रमेय पुढे नेता, पण डोक्यातला एक कोपरा फीकडे गेलेला असतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली याच गोष्टीचा अभ्यास मांडला. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्याला लागला, की त्याचं थोडं लक्ष पहिल्याच कामात अडकून राहतं आणि दुसरं काम निकृष्ट होतं. तुमच्याकडे हे दिवसभरात किती वेळा होत असेल, मोजूच नका. त्या मुलाची शंका तिसऱ्यांदा आली म्हणून डस्टर आपटलं असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, त्याच्या शंकेआधी डोक्यात चार अर्धवट कामं रांगेत उभी होती आणि त्याचा नंबर पाचवा लागला.

म्हणून सवयी लावायच्याच असतील, तर ह्या दोघींच्या, म्हणजे शिक्षिकेच्या आणि मालकिणीच्या, वेळा वेगळ्या करणाऱ्या लावा. शांत करणाऱ्या सवयी त्यानंतर.

सुरुवात फोनपासून. क्लाससाठी वेगळं सिमकार्ड घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. त्यात ठरावीक वेळेनंतर आपोआप उत्तर जाण्याची सोय असते, ती चालू करा. पालकांच्या ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिननेच लिहायचं, अशी सेटिंग ठेवा. नाहीतर एकाने 'उद्या सुट्टी आहे का' विचारायचं आणि बाकीच्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकायचे, हे चालूच राहील. मग सगळ्यांना एकच निरोप पाठवा. असा काहीतरी :

'नमस्कार. क्लासचा फोन सकाळी पावणेदहा ते सव्वादहा आणि दुपारी साडेतीन ते चार या वेळात मी स्वतः घेईन. मूल आजारी असेल किंवा वेळेत पोहोचलं नसेल, तर केव्हाही फोन करा. इतर मेसेजना दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल.'

निरोपात 'क्षमस्व' घालू नका. तुम्ही घालाल, म्हणून आधीच सांगते. बॅच चालू असताना हा फोन अर्धवेळ शिक्षिकेकडे किंवा बाहेरच्या खोलीत राहू द्या, पण तुमच्या टेबलावर नको.

पालक नाराज होतील, शेजारच्या क्लासला जातील, ही भीती मला समजते. शंभर पावलांवर दुसरी पाटी लटकलेली असताना ती वाटणारच. पण रात्री पावणेअकराला उत्तर मिळत नाही म्हणून पोराला क्लासमधून काढणारा पालक मला तरी भेटलेला नाही. पोराला काही कळत नाही म्हणून काढणारे भरपूर भेटलेत. पहिले काही दिवस कुरकुर होईल. दोघंतिघं मुद्दाम रात्री दहाला मेसेज टाकून बघतील. त्यातल्या एकालाही त्याच वेळी उत्तर दिलंत, तर ही व्यवस्था गेलीच म्हणून समजा.

आता पैसा. ताणाबद्दल सल्ला देणारे लोक श्वास आणि झोपेवर तासभर बोलतात आणि थकलेल्या फीबद्दल एक अक्षर काढत नाहीत, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. स्वतःचा धंदा चालवणाऱ्या माणसाची झोप बहुतेकदा पैशापाशीच उडते. तुमची तर जीएसटीपाशी उडतेय, हे तुम्हीच लिहिलंय. तर आपण गणितच करू. सत्तर मुलं गुणिले अठरा हजार म्हणजे १२ लाख ६० हजार. कोचिंग क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं, पण सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती होते ती वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की. तुम्ही त्यापासून बऱ्याच दूर आहात. दुसरं काही उत्पन्न यात धरावं लागतं का, एवढं एकदा सीएला विचारून घ्या आणि हा विषय संपवा. रात्री दोन वाजता राक्षसाएवढी वाटणारी काळजी दुपारी कागदावर मांडली की कधीकधी एका गुणाकारात संपते. मुलांना तुम्ही हेच शिकवता : उदाहरण बघून घाबरू नका, दिलेली माहिती आधी लिहून काढा.

ही कागदावर मांडण्याची सवय आठवड्यातून एकदा लावा. एक वार ठरवा, समजा बुधवार, सकाळी अकरा ते एक. फी, पगार, बिलं, झेरॉक्सवाल्याचा हिशेब, सगळं तेव्हाच. इतर दिवशी मनात आलं की वहीच्या मागच्या पानावर 'बुधवार' असं लिहून त्याखाली टाकायचं आणि वही मिटायची. फीची आठवण सगळ्यांना दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एकदमच जाऊ दे. एकेकाला वेगळी आठवण करायची म्हटलं की दरवेळी मनात लाजलज्जा, राग आणि 'त्यांच्या घरी अडचण असेल का' असं सगळं नाटक होतं. तारखेने आठवण केली की ते कमी होतं. ज्यांच्या घरी खरीच अडचण आहे त्यांना हप्ते बांधून द्या आणि ते लिहून ठेवा, म्हणजे दर महिन्याला तुमच्या मनात तोच खटला उभा राहणार नाही. कॉमर्सला असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी रोज दोन तास यायला मिळाली, तर पावत्या आणि हजेरी तिकडे द्या. त्याचा पगार म्हणजे वायफळ खर्च, असं तुम्हाला वाटेल. स्वतःच्या तासाची किंमत काढून बघा.

आणि एक तारीख. अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायचा आयकर, लागू असेल, तर त्याचा शेवटचा हप्ता १५ मार्चला असतो, म्हणजे नेमका दहावीच्या पेपरांच्या गर्दीत. २०२५ साली दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. त्यामुळे वर्षाची कागदपत्रं जानेवारीअखेर सीएच्या टेबलावर पोहोचायला हवीत. हे मी ताणाच्या सदरात लिहिते आहे, कारण मार्चमधला तुमचा निम्मा ताण जानेवारीतच मिटवता येतो.

रविवारचे सत्तर पेपर. हे कुणी सांगितलंय? वस्तुनिष्ठ प्रश्न मुलांनी एकमेकांचे तपासावेत, तुम्ही फळ्यावर उत्तरं लिहून द्या. त्यात मुलांचाही फायदा आहे, दुसऱ्याची चूक चटकन दिसते. सिद्धता, रचना आणि शाब्दिक उदाहरणं तेवढी तुम्ही बघा, तीही दर आठवड्याला सगळ्यांची नकोत. या रविवारी निम्म्यांची बारकाईने, पुढच्या रविवारी उरलेल्यांची. आठवीची बॅच एका शिक्षिकेकडे पूर्ण सोपवा. 'पण माझ्यासारखं कुणी शिकवत नाही' हे वाक्य तुमच्या मनात आलं असणार. खरंही असेल. आठवीला तुमच्यासारखं नाही शिकवलं तरी चालेल.

आता शरीराबद्दल. संध्याकाळी साडेचार तास सलग उभं राहून बोलायचं आणि मध्ये एकदाही बाहेर पडायचं नाही, ही शिक्षा आहे. शिक्षिका पाणी कमी पितात, कारण मध्ये उठून जाता येत नाही, आणि मग लघवीचे त्रास घेऊन डॉक्टरकडे जातात. यावर आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलते. बॅच दीड तासाची आहे ती ऐंशी मिनिटांची करा. साडेचार ते पाच-पन्नास, सहा ते सात-वीस, साडेसात ते आठ-पन्नास. मधली दहा मिनिटं तुमची. पहिली दहा मिनिटं मुलं बसण्यातच घालवतात, त्यामुळे अभ्यासक्रम कुठेही अडणार नाही.

त्या दहा मिनिटांत काय करायचं, याचाही फार विचार नको. फळा पुसायचा असतोच. पुसताना श्वास हळू करा. चार आकडे घेताना, सहा आकडे सोडताना, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. श्वास सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, हे शरीरातच बसवलेलं आहे, त्याला अ‍ॅप लागत नाही. मग पाणी, बाथरूम, गॅलरीत दोन मिनिटं. बस. ही सवय टिकेल, कारण फळा रोज पुसावाच लागतो आणि तोच आठवण करून देणार. तुमचं ध्यान टिकलं नाही, कारण दिवसातल्या कुठल्याच गोष्टीला ते बांधलेलं नव्हतं.

घशासाठी गळ्यात अडकवायचा छोटा माइक घ्या. घसा बसला की कुजबुजू नका, त्यानेही स्वरयंत्रावर ताण येऊ शकतो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. चहाचं एकच सांगते : पोटात गेलेल्या कॅफिनचं निम्मं ओसरायला साधारण पाच तास लागतात. शेवटचा कप चारच्या आधी. त्यानंतर घेत असाल तर तो बंद. चालण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्या माणसांसाठी म्हणणं आहे की आठवड्याला किमान १५० मिनिटं शरीराला जरा घाम फुटेल असं काही करावं. रोजची बावीस मिनिटं झाली. सकाळची दुसरी बॅच साडेनऊला सुटते, फोनची वेळ पावणेदहाची. कानाला फोन लावून बाहेर चाला. पालकांशी बोलताना तुम्ही बसलेल्या आहात की चालताय, त्यांना काय कळतंय? रविवारी जमलं तर घरच्यांना घेऊन आमराईत जा, पण तो नियम करू नका.

या सगळ्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सवय म्हणजे क्लास बंद करणं. तुमचा क्लास वर, घर खाली. शाळेत असताना घरी यायला रस्ता होता, स्कूटरवर वारा लागायचा, शाळा मागे पडायची. आता मध्ये फक्त जिना आहे. मुलगा जे म्हणाला ते त्यामुळेच. आठ-पन्नासला शेवटची बॅच सुटली की असं करा. मुलं घरी पोहोचेपर्यंत, साधारण सव्वानऊपर्यंत, वरच थांबा. तेवढ्यात वहीत तीन ओळी लिहा : आज काय अर्धवट राहिलं, ते कुठपर्यंत आलंय, उद्या त्यातलं पहिलं पाऊल कोणतं. लेरॉय यांच्या पुढच्या कामात हेच दिसलं. अर्धवट कामाचं पुढचं पाऊल लिहून ठेवलं की डोकं त्याला सोडायला तयार होतं. मग क्लासचा फोन वरच चार्जिंगला लावायचा, खाली आणायचा नाही. दिवे बंद, कुलूप. आणि लगेच घरात शिरायचं नाही, गल्लीला एक चक्कर मारायची. पावसात छत्री घेऊन. शेजारीण विचारेल, "काय मॅडम, आत्ता कुठे?" सांगा, "घरी निघालेय."

खाली आल्यावर मुलाचा अभ्यास घेऊ नका. गणिताच्या मॅडमनी स्वतःच्या मुलाचं गणित रात्री साडेनऊला घेणं दोघांनाही झेपत नाही. त्याला तुमच्याच एका शिक्षिकेकडे बसवा. तुमच्या अर्ध्या तासात गप्पा, पत्ते, क्रिकेट, जे असेल ते.

एकदम सगळं सुरू करू नका. जिमच्या वेळी जे झालं तेच होईल. सवय २१ दिवसांत लागते असं जे सांगितलं जातं, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (बारा आठवड्यांपलीकडचे आकडे हिशेबाने काढलेला अंदाज). तुमच्या कामाची बाब पुढे आहे : एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं. तुम्ही मात्र एक दिवस चुकला की प्रकरण गुंडाळता, असं तुमच्या पत्रावरून दिसतंय. नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीचा स्वभाव आहे तो, वर्गातही तुम्हाला अशा मुली दिसत असतील. दिवाळीची सुट्टी आत्ता संपलीय. या आठवड्यात फक्त क्लास बंद करायची सवय आणि फोनचा निरोप. डिसेंबरात मधली दहा मिनिटं आणि बुधवार. जानेवारीत प्रिलिम सुरू झाल्या की नवीन काहीही नको, आहे ते सांभाळायचं.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाने येणाऱ्या पिचून जाण्याची तीन लक्षणं नोंदवली आहेत : अंगातलं बळच संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. पहिलं तुमच्यात स्पष्ट आहे, दुसऱ्याची सुरुवात दिसते. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते, आणि म्हणूनच मी एवढा वेळ कामाच्या मांडणीबद्दल बोलले. पण थकव्याला दुसरीही कारणं असतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि साखर या महिन्यात तपासून घ्या. अंगात रक्तच कमी असेल, तर माझ्या एकाही सल्ल्याचा उपयोग होणार नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटलं, कशातच रस राहिला नाही, रडू आवरेना झालं, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटलं, तर मात्र त्याच क्षणी घरच्यांना सांगा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. हा नंबर क्लासमधल्या फळ्याशेजारीही चिकटवा, दहावीच्या मुलांना लागतो.

ताजा कलमात तुम्ही विचारलंय की एका अ‍ॅपवाल्याने शनिवार-रविवारची ऑनलाइन बॅच घ्यायला सांगितली आहे, पैसे चांगले आहेत, घेऊ का? या वर्षी नाही. त्याला सांगा, दहावीचा निकाल लागल्यावर बोलू. तोपर्यंत थांबायला तो तयार नसेल, तर त्याला दुसऱ्या मॅडम मिळतील.